आदिलाबादला विमान येऊन राह्यलं होतं

किस्से मुद्दाम कोणी गोळा करत नाही. शर्ट धुवायला टाकताना खिसा उलटा केला की बसचं तिकीट, रबरबँड, कुणाचा तरी अर्धाच नंबर लिहिलेला कागद असं काहीबाही निघतं ना, तसे ते साचतात. आत कधी गेले ते कळतही नाही. माझ्या खिशातून सगळे विमानाचेच निघतात. चहाला चार जण बसले की कोणीतरी म्हणतंच, "वाघमारे, तो वाला सांग ना!" आणि ‘तो वाला’ प्रत्येकाचा वेगळा असतो. म्हणून एकदा सगळेच सांगून मोकळा होतो.

आदिलाबादच्या बसस्टँडसमोर माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. बस, रेल्वे, विमान, जे म्हणाल ते. विमानाचं तिकीट काढायला लोक माझ्याकडे येतात आणि विमानात बसायला नागपूरला नाहीतर हैदराबादला जातात. स्वस्तात विमानं चालवणाऱ्या एका कंपनीच्या डोक्यात आलं, की आदिलाबादलाच विमान उतरवलं तर? कंपनीचं नाव सांगत नाही, कागदावर सही केली आहे. धंदा चालेल की नाही हे बघायला त्यांनी गुडगावहून एक साहेब पाठवला. रोहन भाटिया. वय पस्तिशीचं, दाढी कोरलेली, बूट पांढरे स्वच्छ. आमच्या काळ्या मातीत पांढरे बूट घालून येणाऱ्या माणसाचा अंदाज किती बरोबर निघणार, हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं!

साहेबांनी बसस्टँडवरच्या यादगिरी ड्रायव्हरची गाडी महिन्याच्या बोलीवर लावली आणि मला ‘मार्केट इंटेलिजन्स असोसिएट’ केलं. वर सांगितलं, "विमान सुरू झालं तर स्टेशन इनचार्ज तुम्हीच. आणि तुमच्या मुलीला काउंटर."

मी तरंगतच घरी गेलो. बायको भाकरी थापत होती.

"मंजे काय करा लागते तुमाले?"

"लोकायले विचारा लागते, इमानात बसता काय म्हणून."

"आन् ते नाई म्हनले तर?"

"तर नाई लिवायचं."

तिने भाकरी उलटली. "हे लिवाचा पगार देते कंपनी?"

"देते ना."

"मंग इमान येते पक्कं. इतका पैसा उतू चाललाय तर कुठं ना कुठं सांडाच लागंल त्याहिले!"

*

पहिला सर्व्हे वांकिडीला. फॉर्म मूळचा इंग्रजीत, मराठी भाषांतर कंपनीच्या कॉम्प्युटरनं केलेलं. पहिलाच प्रश्न, "मागील बारा महिन्यांत आपण किती फुरसतीचे प्रवास केलेत?" कापूस वेचून आलेला एक शेतकरी म्हणाला, "फुरसत असती त घरी झोपलो नसतो काय? प्रवास काऊन करू?"

एका म्हाताऱ्या बाईला साहेबांनी स्वतः विचारायचं ठरवलं. मी मध्ये दुभाषा.

"आजी, विमानात खिडकीची जागा आवडेल की आतली?"

"खिडकीची दे बापा. मले गाडी लागते."

"पण आजी, विमानाची खिडकी उघडत नाही."

म्हातारी माझ्याकडे वळली. "हे इमान बनवनारा कधी बायकोले घेऊन माहेरी गेला नसंल."

पण खरी मजा सातव्या प्रश्नात होती. इंग्रजीत विचारलं होतं, तुम्हाला कोणत्या कंपनीचं विमान आवडतं. कॉम्प्युटरनं त्याचं केलं, "आपला आवडता वाहक कोण?"

आता वाहक म्हणजे आमच्याकडे कंडक्टर! एसटीत लिहिलेलंच असतं. त्यामुळे सगळ्या गावानं मनापासून उत्तर दिलं. चंद्रपूरच्या गाडीवर एक टकला कंडक्टर आहे, बायामाणसांसाठी गाडी थांबवतो, सामान वर चढवून देतो. पन्नासातल्या जवळजवळ सगळ्या फॉर्मवर तोच. "टकले भाऊ", "टकले साहेब", "चंद्रपूर गाडीवाले टकले".

आठवड्यानं साहेब लॅपटॉप घेऊन धावत दुकानात आले. चेहरा उतरलेला.

"वाघमारेजी, ही टकले एअरवेज कोणाची आहे? हेड ऑफिस विचारतंय, आपल्या आधी ती या मार्केटमध्ये शिरली कशी?"

*

आमच्याकडे निजामाच्या काळची एक धावपट्टी आहे. विमानतळ म्हणायचं ते हेच. विमान सोडून बाकी सगळं तिथे उतरतं. गाई चरतात, पोरी स्कूटी शिकतात, लग्नाआधीचे फोटो निघतात. आणि सकाळी सहा ते आठ गावातले सगळे रिटायर्ड लोक चालतात.

साहेब पाहणीला गेले ती वेळ नेमकी सकाळची. हातात टेप, डोक्यावर पिवळं हेल्मेट. आकाशातून काय पडणार होतं कुणास ठाऊक. चालणाऱ्यांचे अध्यक्ष गंगाधरराव, तहसील कचेरीतून रिटायर झालेले. पायात कॅनव्हासचे बूट, हातात काठी. त्यांनी साहेबांना थांबवलं.

"मोजनी कोनाच्या हुकमानं?"

मी सगळं समजावलं. विमान येणार, गावाचं भलं होणार.

"येऊ द्या. आमची मनाई नाई. पन किती वाजता?"

साहेबांनी उत्साहानं सांगितलं, "पहिली फ्लाइट सकाळी सहा चाळीस!"

गंगाधररावांनी मान हलवली. "मुमकिन नाई. सहा ते आठ आमचं चालनं असते. डॉक्टरनं लिवून देल्लं आहे. इमानाले सांगा, आठच्या नंतर या."

मला वाटलं, हसून विषय संपला. पण माणूस चाळीस वर्षं तहसिलीत काढलेला! दुसऱ्या दिवशी रीतसर दरख्वास्त दुकानात हजर. खाली तीस सह्या, सोबत डॉक्टरच्या चिठ्ठीची नक्कल.

साहेबांनी ती हसत हसत हेड ऑफिसला पाठवली. गंमत म्हणून. तिथून चौथ्या दिवशी गंभीर मेल आला, "स्थानिक हवाई वाहतुकीशी सकाळी आठपर्यंत संघर्ष असल्यास पहिली फ्लाइट सव्वाआठला ठेवावी."

मी कागद गंगाधररावांना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "पुरी नोकरी गेली वाघमारे, पन माही दरख्वास्त इतक्या लवकर मंजूर झालेली पैल्यांदा पायतो!"

*

हा छोटाच आहे. विमान येणार म्हटल्यावर धावपट्टीच्या रस्त्यावर एकानं आपल्या लॉजचं नाव बदलून ‘एअरपोर्ट व्ह्यू’ केलं. पाटी लागली, लायटिंग लागली. एक गिऱ्हाईक गच्चीवर जाऊन आलं आणि भांडायला लागलं, की एअरपोर्ट कुठाय?

मालक शांतपणे म्हणाला, "व्ह्यू तयार आहे. एअरपोर्ट यायचा आहे."

*

बाजारहत्नूरच्या आठवडी बाजारात कंपनीनं मंडप टाकला. विमानात हातातलं सामान किती चालतं हे लोकांना कळावं, म्हणून लोखंडी चौकट आणली होती. बॅग तिच्यात बसली तर विमानात न्यायची, नाही बसली तर जास्तीचे पैसे. साहेब माइकवरून सांगत होते, मी मराठीत फिरवत होतो, आणि यादगिरी, बोलल्याशिवाय ज्याला अन्न पचत नाही, तो तेलुगूत आपल्या पदरचं घालून सांगत होता. त्याच्या भाषांतरावर लोक जास्त हसत होते, एवढंच मला कळलं.

एक बाई ज्वारी विकून घरी निघाली होती. डोक्यावर गाठोडं, हे एवढं मोठं.

साहेब म्हणाले, "बघा! अशी चूक प्रवासी करतात. हे बसणार नाही."

बाईनं गाठोडं खाली उतरवलं, चौकटीवर ठेवलं, दोन्ही हातांनी दाबलं, एका गुडघ्यानं रेटलं, आणि एक बाजू आत सारली. गाठोडं चौकटीत गेलं! चारही कोपरे भरून. जणू माप घेऊनच शिवलं होतं. बाजारानं टाळ्या वाजवल्या.

साहेबही दिलदारपणे हसले. "ठीक आहे. आता नियमाप्रमाणे बॅग कशी असावी ते दाखवतो." त्यांनी गाडीतून आपली चकचकीत चाकांची बॅग आणली. कंपनीचं नाव छापलेली. चौकटीत घातली.

अडकली.

उलटी केली, आडवी केली, चाकं वर केली. बॅग आत जाईना. ती बाई पदराला हात पुसत पुढे आली, बॅग चहूबाजूंनी पाहिली, दाबून पाहिली. मग समजुतीच्या सुरात म्हणाली, "राहू द्या भाऊ. कडक हाय. हिले जास्तीचे पैसे भरा लागतीन तुमाले."

*

माझी मुलगी करुणा. बीएस्सी झालेली. आमच्या घरात माझा बाप दुसऱ्याच्या शेतात राबला, मी दुकानापर्यंत आलो, आणि ही विमानापर्यंत जाणार म्हणून सगळी वस्ती खूश होती. साहेबांनी तिच्या आवाजात मराठी सूचना रेकॉर्ड करून घेतल्या. पोरीनं छान म्हटल्या होत्या. "आपापला पट्टा बांधून घ्या. मोबाइल बंद करा. काही झालं तर घाबरू नका, दार पुढे आहे आणि मागे आहे."

रेकॉर्डिंग तपासायला पुण्याच्या कुणा भाषातज्ज्ञाकडे गेलं. शेरा आला, "उच्चार ग्रामीण, शब्द अनौपचारिक. स्वीकारार्ह नाही." सोबत त्यांनी नमुना म्हणून दुसऱ्या बाईंच्या आवाजातलं रेकॉर्डिंग पाठवलं.

करुणा त्या दिवशी जेवली नाही, एवढंच. मी मात्र पेटलो. साहेबांना म्हटलं, "दोन्ही लोकांना ऐकवू. त्यांनाच ठरवू द्या."

बाजारहत्नूरच्या शाळेच्या व्हरांड्यात पंधरा-वीस लोक बसवले. आधी पुण्याचं लावलं. बाईंचा आवाज खोल, संथ, जड. "प्रवासीजनहो, कृपया आसनपट्ट सुरक्षितपणे आवळून घ्यावा. आपत्कालीन निर्गमनप्रसंगी धैर्य धारण करावे..."

संपलं. मागच्या खांबाला टेकलेल्या एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली होती. त्यानं हळूच शेजारच्याला विचारलं, "कोन गेलं म्हन्ते?"

साहेबांनी करुणाचं रेकॉर्डिंग परत हेड ऑफिसला पाठवलं. सोबत म्हाताऱ्याचं वाक्य इंग्रजीत करून. तिकडून उत्तर आलं, "पुण्याची आवृत्ती अंतिम. प्रवाशांना सवय होईल."

*

बेल्लमपल्लीचा किस्सा हसण्यासारखा नाही, पण मित्र तोही मागतात.

तिथल्या कोळसा खाणीतून रिटायर झालेले नामदेव मामा. क्वार्टरच्या ओट्यावर बसलेले, हात काळे ते कायमचेच. मी फॉर्म काढला.

"मामा, विमानात बसाले भेव वाटंल काय?"

"कशाचं?"

"उंचीचं."

मामा खोकले. "सारी जिनगानी खाली गेलो रे. सकायी खाली, संध्याकायी वर. आन् वर मंजे काय, जमिनीवर. जमिनीच्या वर अजून गेलोच नाई. तिकडं कसं असते, एकडाव पायाचं हाये."

"मंग कुठं जायाचं मामा? हैदराबाद? नागपूर?"

"कुठंच नाई. वर न्या आन् इथंच आनून सोडा. चालते मले."

मी हसलो. पण मामा हसत नव्हते. खिशातून त्यांनी आधारकार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. "नाव लिवून ठेव. पैल्या इमानाचं. पैसे सांगशीन ते देतो."

साहेब तिकडे गाडीपाशी फोनवर होते. मी टॅबवर फॉर्म भरायला घेतला. प्रवासाचं कारण: व्यवसाय, सुट्टी, उपचार, नातेवाईक. मामाचं कारण त्यात नव्हतं. ‘इतर’ दाबलं. गंतव्यस्थान विचारलं. मी लिहिलं, "वर".

लाल अक्षरं आली. "असे शहर अस्तित्वात नाही."

साहेबांनी खांद्यावरून वाकून पाहिलं आणि म्हणाले, "डेस्टिनेशन नसेल तर डेटा रद्द होतो. पुढच्या घरी चला." मी टॅब बंद केला. मामांना सांगितलं, नाव लिहिलं. आयुष्यात तिकिटाच्या बाबतीत मी तेवढं एकच खोटं बोललोय.

*

काउंटरवरच्या कामाचं ट्रेनिंग म्हणून लॉजच्या हॉलमध्ये गावातल्या सहा मुली बसवल्या होत्या. त्यात करुणाही. शिकवायला दिल्लीहून एक मॅडम आल्या होत्या. दोन दिवस नुसतं हसायला शिकवलं. किती दात दिसायला हवेत तेसुद्धा.

तिसऱ्या दिवशी करुणानं हात वर केला. "मॅडम, विमानाला उशीर झाला तर प्रवाशांना काय सांगायचं?"

"ऑपरेशनल रीझन."

"म्हणजे काय?"

"म्हणजे कारण सांगायचं नाही."

"आणि खरं कारण आपल्याला माहीत असेल तर?"

मॅडम गोड हसल्या, बरोबर शिकवले तेवढेच दात दाखवून. "माहीत करून घ्यायचं नाही."

करुणा आता नागपूरला दुसऱ्याच एका कंपनीच्या काउंटरवर आहे. सुट्टीला बसनं येते. मध्ये एकदा साडेतीन तास उशिरा पोचली. मी विचारलं, काय झालं गं? पोरगी बॅग ठेवत म्हणाली, "ऑपरेशनल रीझन, बाबा." आणि हसली. चांगली बत्तिशी दाखवून!

*

आता शेवटचा. हा मी नेहमी सांगत नाही.

कंपनीचा अंतिम निर्णय ज्या दिवशी व्हायचा होता, त्या दिवशी तीन वाजता साहेबांना लॉजमधून व्हिडिओवर सगळं मांडायचं होतं. आदिलाबादला विमान यावं की नाही, हो किंवा नाही. खरं सांगतो, तोवर साहेब आमच्या बाजूचे झाले होते. चार महिन्यांत पांढरे बूट मातकट झाले होते, आणि ‘काऊन’ म्हणायला शिकले होते. सकाळी मला म्हणाले, "वाघमारेजी, आज मी हो म्हणणार आहे."

अकराच्या सुमाराला दुकानासमोर गाडीतून उतरताना त्यांनी दार धरलं आणि तसेच उभे राहिले. चेहरा घामानं ओला. डावा हात छातीवर.

मी आणि यादगिरीनं उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ईसीजीचा कागद काढला, इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. मला बाजूला घेऊन म्हणाले, "जे करायचं ते मी केलं. पुढची सोय माझ्याकडे नाही. अँब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन हैदराबादला गेली आहे, तिची वाट बघू नका. माझी सिस्टर सोबत देतो. नागपूर गाठा."

साहेबांनी ते ऐकलं. डोळे मिटलेले होते. सवयीनंच विचारलं, "नेक्स्ट फ्लाइट कितने बजे?"

यादगिरी गाडी सुरू करायला धावला.

मागच्या सीटवर साहेबांचं डोकं माझ्या मांडीवर. पुढे सिस्टर, सारखी मागे वळून नाडी बघणारी. पैनगंगेचा पूल लागला तेव्हा साहेबांनी माझा हात धरला, तो नागपूरपर्यंत सोडला नाही. "वाघमारेजी, मेरी बेटी दो साल की है." मी म्हटलं, बोलू नका साहेब. एरवी अखंड बोलणारा यादगिरी त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. ट्रक, कापसाचे ट्रॅक्टर, मेंढरांचा एक कळप. कुठून गाडी काढली, कशी काढली, मला सांगता येणार नाही. मी रस्त्याकडे बघतच नव्हतो. साहेबांचा श्वास मोजत होतो.

हिंगणघाटच्या पुढे फोन वाजला. हेड ऑफिस. मी उचलून सांगितलं, काय झालंय ते.

"ओ माय गॉड! आम्ही सगळे प्रार्थना करतो." मग थोडं थांबून, "तुम्ही नक्की कुठे आहात? आणि किती वाजता निघालात?"

मला वाटलं, मदत पाठवताहेत. मी सगळं नीट सांगितलं. निघालो कधी, आता कुठे, अजून किती वेळ.

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर तयार होतं, ते डॉक्टरांनी आधी फोन केल्यामुळे. साहेबांना आत नेलं. दोन तासांनी मोठे डॉक्टर बाहेर आले. "वाचले. अजून अर्धा तास लागला असता तर..." मी यादगिरीला सांगायला गेलो. तो जिन्याच्या पायरीवर बसला होता, पाण्याची बाटली उघडायचा प्रयत्न करत. झाकण फिरेना.

दुसऱ्या दिवशी साहेबांना फोन बघायची परवानगी मिळाली. आम्ही दोघं खाटेशेजारी. त्यांनी मेल वाचला, आणि फोन माझ्याकडे दिला.

इंग्रजीत होता. मराठीत साधारण असा:

"प्रिय रोहन, तू सुखरूप आहेस हे ऐकून सगळ्या टीमला आनंद झाला. कालच्या बैठकीत तुझ्या प्रवासाचा मुद्दा निघाला. आदिलाबादहून गंभीर पेशंटसुद्धा रस्त्यानं वेळेत नागपूरला पोचू शकतो, हे त्यातून स्पष्ट झालं. सध्याची वाहतूक व्यवस्था पुरेशी असल्यानं प्रोजेक्ट बंद करत आहोत. तुझं हे प्रत्यक्ष उदाहरण आम्ही अहवालात पहिल्या पानावर घेतलं आहे. लवकर बरा हो."

मी फोन खाली ठेवला. साहेब छताकडे बघत होते.

यादगिरीला इंग्रजी येत नाही. त्यानं आळीपाळीनं आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. "क्या हुआ सार? आफीसवाले क्या लिखे?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "लिखे हैं, जब तक यादगिरी है, तब तक आदिलाबाद को विमान की जरूरत नहीं."

यादगिरी उभा राहिला. शर्टाची कॉलर नीट केली. मग साहेबांच्या खाटेजवळ वाकला, आणि अगदी हळू आवाजात, संकोचत विचारलं,

"लेटरपॅड पे लिखके देते क्या सार?"